विदूषकांचें ऋण

कलेचे इतिहास लिहिणाऱ्या मंडळींना एक जुनी खोड जडलेली असते. आपल्या आवडत्या कलेची वंशावळ सांगतांना तिचे गरीब, हंसरे आणि तमासगीर पूर्वज ही मंडळी हळूच गाळून टाकतात, आणि राजवाडे व विद्यालयें यांच्याच पायऱ्या मोजीत थेट आपल्या काळापर्यंत येऊन पोहोंचतात. घराण्यांत कोणी सोंगाड्या होऊन गेला असला, तर त्याची तसबीर दिवाणखान्यांत लावावयाची नाहीं, असा हा शिरस्ता आहे. सॅक्सोफोन या वाद्याच्या बाबतींत तो इतक्या काटेकोरपणें पाळला गेला आहे, कीं ज्यांनीं हें वाद्य अमेरिकेंत घरोघर पोहोंचविलें त्यांचींच नांवें आज जाणत्या श्रोत्यालाही ठाऊक नसतात. त्या अन्यायाला वाचा फोडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रूढ कथा अशी. आदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें पॅरिस येथें हें वाद्य सिद्ध केलें व १८४६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. बर्लिओझसारख्या थोर संगीतकारानें १८४२ सालींच त्याच्या नादाची वाखाणणी केली होती. पुढें मात्र या वाद्याचे ग्रह फिरले. तें सर्कशींत आणि व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर विदूषकांच्या हातीं सांपडलें. अखेर १९२० नंतर जॅझच्या कलावंतांनीं त्याला आत्मा दिला, आणि पॅरिसच्या मार्सेल म्यूलनें त्याला प्रतिष्ठा दिली. एक जन्म, एक वनवास आणि दोन उद्धार, अशी ही आटोपशीर आख्यायिका आहे. आमचें म्हणणें असें, कीं ज्या काळाला हे इतिहासकार वनवास म्हणतात, तोच या वाद्याच्या गृहस्थाश्रमाचा काळ होय.

याचें कारण वाद्याच्या घडणींतच आहे. साक्सनें एक वाद्य निर्माण केलें, ही समजूत मुळांतच अपुरी आहे. त्यानें एक कुटुंब निर्माण केलें. त्याच्या पेटंटांत लहानांत लहान, तारस्वरांत बोलणाऱ्या सॅक्सोफोनपासून माणसाएवढ्या थोरल्या, खर्जांत घुमणाऱ्या सॅक्सोफोनपर्यंतची सबंध मालिका आहे. नळी पितळेची आणि शंकूप्रमाणें रुंदावत जाणारी. तोंडाशीं मात्र क्लॅरिओनेटप्रमाणें वेताची एकच पातळ पट्टी. या योजनेचा परिणाम असा, कीं खालच्या सप्तकांतील बोटांची ठेवण वरच्या सप्तकांतही जवळजवळ तशीच चालते. क्लॅरिओनेट वाजविणाऱ्याला ही सोय नाहीं. शिवाय लहानमोठ्या सर्व आकारांत बोटांची ठेवण एकच असल्यामुळें आल्टो शिकलेला मनुष्य थोड्या सवयीनें टेनर किंवा बॅरिटोन हातीं घेऊं शकतो. तेव्हां चार-सहा जणांनीं एकत्र बसावें, आणि एकाच जातीचा नाद तारापासून खर्जापर्यंत पसरावा, हा या वाद्याचा स्वधर्म आहे. साक्सचा मित्र झाँ-बातिस्त सँजले यानें १८५७ सालीं चार सॅक्सोफोनांसाठीं चतुष्क रचलें, तें हा स्वधर्म ओळखूनच.

त्याच १८५७ सालीं पॅरिसच्या सरकारी संगीत-विद्यालयांत साक्सच्या हाताखालीं लष्करी वादकांसाठीं सॅक्सोफोनचा वर्ग उघडला. १८७० सालीं जर्मनांशीं युद्ध जुंपलें आणि वर्ग बंद पडला. तो पुन्हा केव्हां उघडावा? १९४२ सालीं, मार्सेल म्यूलच्या हाताखालीं! मध्यंतरीं ७२ वर्षें लोटलीं. तेवढ्या अवधींत साक्सचें दिवाळें वाजलें, तो १८९४ सालीं निर्वर्तला, आणि त्याच्यामागें दोन पिढ्या उलटल्या. विद्येच्या ज्या मंदिरानें ७२ वर्षें दार लावून घेतलें, त्याच्या पायरीवर बसून आज विचारतात, कीं विदूषकांनीं या वाद्याचें काय भलें केलें! भलें एवढेंच केलें, कीं दार बंद असतां त्यांनीं तें रस्त्यावर उपाशीं मरूं दिलें नाहीं.

लष्करी आणि नागरी बँडांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. हॉलंडमध्यें जन्मलेला एडवर्ड लेफेब्र अमेरिकेंत पॅट्रिक गिल्मोरच्या प्रख्यात बँडांत हें वाद्य वाजवी, आणि त्या बँडांतील सोबत्यांचें सॅक्सोफोन-चतुष्कही त्यानें उभें केलें होतें. १८९२ सालीं बेसी मेक्लेम या तरुणीचें सॅक्सोफोनवादन एडिसनच्या यंत्रावर मुद्रित झालें. परंतु हे मोजके दिवे होत. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील एखाद्या लहान गांवच्या दुकानदाराला सॅक्सोफोन म्हणजे काय, हें विचारलें असतें, तर त्यानें बहुधा खांदेच उडविले असते. त्या दुकानदारापर्यंत हें वाद्य कोणीं नेलें, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर व्हॉडव्हिलखेरीज दुसरें नाहीं.

व्हॉडव्हिल म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत खाणावळी आणि मद्यगृहें यांच्या आश्रयानें म्यूझिक हॉल वाढले. चार्ल्स मॉर्टननें लंडनच्या लँबेथ भागांत १८५२ सालीं काढलेला कँटरबरी हॉल हा त्यांतील आद्य म्हणून गाजला. अमेरिकेंत टोनी पास्टरनें १८८१ पासून न्यूयॉर्कमध्यें, बायकामुलांसह निःशंक जातां येईल असे सभ्य खेळ लावण्यास आरंभ केला, आणि कीथ व अल्बी या जोडीनें त्याच्या नाट्यगृहांचें जाळेंच विणलें. एका तिकिटांत आठ-नऊ निरनिराळे खेळ: कसरतपटू, गवई, नकलाकार, शिकविलेले कुत्रे, जादूगार. प्रत्येकाला मिनिटें दहा, फार तर वीस. आधींचा मनुष्य टाळ्या घेऊन गेलेला, नंतरचा विंगेंत उभा. प्रस्तावना करण्यास वेळ नाहीं, श्रोत्याच्या विद्वत्तेचा भरंवसा नाहीं, आवाज वाढविणारें विजेचें यंत्र नाहीं. शेवटच्या बाकावरील मजुराच्या कानीं सूर गेला पाहिजे, आणि पहिल्या मिनिटांतच त्याचें मन हातीं आलें पाहिजे. याहून कठोर परीक्षामंडळ कोणत्या विद्यापीठाजवळ आहे?

या परीक्षेला सॅक्सोफोन जणूं नवसानेंच जन्मला होता. त्याचा आवाज दूर जाई. त्याचा बांकदार, चकाकणारा देह दृष्टीला मोही. आणि मनुष्याच्या कंठाप्रमाणें तो हंसे, कण्हे, कुजबुजे, रुसे. तशांत सहा आकारांचीं सहा वाद्यें ओळीनें उभीं राहिलीं, कीं अजून एकही स्वर न निघतां प्रेक्षागृहांत खसखस पिके. यांत ज्याला केवळ थिल्लरपणा दिसतो, त्याला रंगभूमीचें मर्मच कळलें नाहीं, असें आम्ही म्हणूं.

या खेळांचे अध्वर्यु होते 'सिक्स ब्राउन ब्रदर्स'. कॅनडाच्या ऑन्टेरिओ प्रांतांतील हें कुटुंब. त्यांतला टॉम ब्राउन (१८८१-१९५०) हा पुढारी. रिंगलिंग बंधूंच्या सर्कशींत कष्ट काढून ही मंडळी व्हॉडव्हिलमध्यें आली. सहाही जण सर्वकाळ सख्खे भाऊच होते असें नाहीं. जागा रिकामी पडे तेव्हां बाहेरचा वादकही 'ब्राउन' होई. १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या ग्लोब थिएटरांत 'चिन चिन' ही संगीतिका लागली. माँटगोमरी आणि स्टोन हे तिचे नायक; पण सहा सॅक्सोफोनांचा जथाही त्या खेळाचें मोठें आकर्षण ठरला. त्याच निर्मात्याच्या 'जॅक ओ'लँटर्न' (१९१७) आणि 'टिप टॉप' (१९२०) या खेळांतही त्यांना मानाचें पान होतें. १९१४ पासून व्हिक्टर कंपनीनें त्यांच्या तबकड्या काढल्या, आणि ज्या गांवीं नाट्यगृह नव्हतें तेथेंही त्यांचा नाद गेला.

आतां पहिला आक्षेप घेऊं. हें सारें 'नवलाईचें प्रदर्शन' होतें, संगीत नव्हतें, असें पंडित म्हणतात. त्यांनीं 'दॅट मोनिंग सॅक्सोफोन रॅग' (१९१४) किंवा 'बुल फ्रॉग ब्लूज' (१९१६) यांपैकीं एखादी तबकडी लक्षपूर्वक ऐकावी. साथीला पियानो असावा, ढोल असावा, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची तेथें निराशा होते. तळाशीं बास सॅक्सोफोन तालाचें जोतें बांधतो, मधले आवाज स्वरसंगतीच्या भिंती उभारतात, आणि वरतीं मुख्य धून कण्हत, घसरत, मिस्किलपणें डोलत जाते. १९२५ सालीं विजेचें ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीं वादकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीनें उभें राहून वाजवावें लागे; व्हायोलिनचा नाजूक स्वर त्यांत विरून जाई आणि तंतुवाद्यांतील खर्ज तर नीट उमटतच नसे. सॅक्सोफोनांचा मेळ मात्र त्या आंधळ्या यंत्रावरही स्पष्ट उमटे. साक्सनें कागदावर मांडलेलें कुटुंब, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, प्रथमच लाखों लोकांच्या कानीं एकत्र नांदलें, तें या 'नवलाईवाल्यां'च्या हातून.

विनोदासंबंधानें एक गोष्ट पंडितांच्या ध्यानांत येत नाहीं. मुद्दाम बेसूर वाजवून लोकांना हंसवावयाचें असेल, तर तें नेमकें कोठें आणि किती बेसूर व्हावें, हें ज्याला सूर पुरता वश आहे त्यालाच साधतें. सहा जणांनीं एकाच क्षणीं चुकणें हें सहा जणांनीं एकाच क्षणीं बरोबर असण्याहून अवघड आहे. तोतरेपणाची नक्कल करणाऱ्या नटाला कोणी तोतरा म्हणत नाहीं. मग वाद्याकडून नक्कल करून घेणाऱ्याला वाद्याचा शत्रु कां म्हणावें?

दुसरा आक्षेप जॅझच्या भक्तांचा. ते म्हणतात, या मेळांत उत्स्फूर्त आलापी नाहीं, तो झोका नाहीं, ती आग नाहीं. बरोबर आहे, नाहीं. परंतु जो कायदा अजून लिहिला गेला नव्हता, त्याच्या कलमाखालीं १९१४ च्या माणसाला आरोपी करणें हा कोठला न्याय? आणि त्या पुढच्या आगीला सरपण कोणीं पुरविलें, हेंही पाहिलें पाहिजे. ब्राउन बंधूंची कीर्ति पसरली तशी इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट गांवच्या कॉन आणि ब्यूशर या कारखान्यांची सॅक्सोफोन-विक्री वाढली. तासाभरांत स्वरपट्टी शिकतां येईल, अशा जाहिराती झळकूं लागल्या. पियानोच्या पुस्तकांतील गाणें जसेंच्या तसें वाजवितां यावें म्हणून 'सी मेलडी' नांवाचा निराळा सॅक्सोफोन घरगुती हौशी लोकांसाठीं विकला जाऊं लागला. याच घरगुती वाद्यावर फ्रँकी ट्रम्बावर यानें १९२७ सालीं 'सिंगिन् द ब्लूज' ही तबकडी दिली, आणि जॅझमधील थोर टेनरवादक लेस्टर यंग हा ट्रम्बावरचें ऋण उघड मान्य करीत असे. लेस्टर यंगचें स्वतःचें बालपण तरी कोठें गेलें? वडील विलिस यंग यांच्या कौटुंबिक बँडांत, जत्रेच्या तंबूंत आणि व्हॉडव्हिलच्या फळ्यांवर! ज्या अंगणांत तुमचा देव रांगला, तें अंगण तुम्ही अपवित्र म्हणतां, तेव्हां देवाचीच विटंबना करतां, एवढें तरी ओळखा.

येथपर्यंत आम्ही वकिली केली. परंतु अशिलाचा दोष झांकणारा वकील आम्ही नव्हे. आणि जुन्या गोष्टींच्या प्रेमानें ज्यांचे डोळे भरून येतात, त्या तिसऱ्या पक्षालाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. ब्राउन बंधूंच्या खेळांत इतर जण सर्कशींतील विदूषकांच्या वेषांत येत; टॉम ब्राउन मात्र तोंडाला काजळी फांसून, ओठ रंगवून, काळ्या माणसाचें सोंग घेऊन येई. हें अमेरिकेंतील 'मिन्स्ट्रेल' खेळांचें जुनें सोंग होतें. दास्यांतून नुकत्याच सुटलेल्या एका समाजाला भित्रा, खादाड व मूर्ख ठरवून गोऱ्यांनीं पोट धरधरून हंसावें, यासाठीं तें होतें. 'त्या काळीं तशी रीतच होती' असें म्हणून हा डाग पुसतां येत नाहीं. उलट हिशेब पाहिला म्हणजे तो अधिकच गडद होतो. ब्राउन बंधूंनीं १९१५ सालीं मुद्रित केलेला 'डाउन होम रॅग' हा विल्बर स्वेटमनचा. १९१७ सालीं मुद्रित केलेला 'डार्कटाउन स्ट्रटर्स बॉल' हा शेल्टन ब्रुक्सचा. दोघेही कृष्णवर्णीय रचनाकार. म्हणजे चाल काळ्यांची घ्यावयाची, तोंडाची थट्टाही काळ्यांची करावयाची, आणि जाहिरातींतील नांव मात्र गोऱ्यांचें!

खरे कृष्णवर्णीय वादक त्या वेळीं नव्हते, असेंही नाहीं. विल्यम स्पिलर यांचा 'म्यूझिकल स्पिलर्स' हा मेळा याच काळांत सॅक्सोफोन आणि इतर वाद्यें घेऊन व्हॉडव्हिलचे दौरे करीत होता. १९१२ सालीं त्यांत इसाबेल टालिआफेरो या सुशिक्षित वादिका आल्या. पुढें त्या स्पिलर यांच्या पत्नी झाल्या आणि त्यांनीं हार्लेम येथें संगीतशाळा चालविली. नामांकित कॉर्नेटवादक रेक्स स्टुअर्ट तरुणपणीं या मेळ्यांत होता. काजळीचें सोंग जेथें लोकप्रिय, तेथेंच शुद्ध कलेच्या बळावर उभें राहणें किती कठीण असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. सॅक्सोफोनमेळ्यांच्या थोड्याबहुत इतिहासांतही ब्राउन बंधूंना चार ओळी मिळतात आणि स्पिलर दांपत्याला अर्धी. आम्ही ज्यांची बाजू घेत आहों, त्यांच्याच पंक्तींत हा भेद झाला आहे, आणि तो सांगितल्यावांचून ही बाजू प्रामाणिकपणें मांडतां येणार नाहीं.

परंतु पंडितांनीं इकडे फार हर्षित होऊं नये. त्यांनीं या मेळ्यांना वाळींत टाकलें, तें काजळीसाठीं नव्हे, हंसण्यासाठीं. काजळीच्या सोंगाला त्या काळच्या प्रतिष्ठितांचा विरोध क्वचितच होता. तें पाहण्यास तेही तिकीट काढून जात. पंडितांना खुपला तो हा, कीं मजुराला आणि त्याच्या पोरांना आवडेल असें कांहीं या वाद्यानें वाजवावें. खऱ्या अपराधाकडे डोळेझांक करून खोट्या अपराधाबद्दल ज्यानें शिक्षा सांगितली, त्या न्यायाधीशाला न्यायाधीश म्हणावयाचें काय? आमची मागणी याच्या उलट आहे. जेथें अपमान झाला तेथें अपमान असें स्पष्ट लिहा. आणि जेथें कला झाली तेथें कला असें तितकेंच स्पष्ट लिहा.

या मेळ्यांचा अंतही कांहीं त्यांच्या कमकुवतपणामुळें झाला नाहीं. १९२७ सालीं चित्रपट बोलूं लागला. १९२९ च्या मंदीनें प्रेक्षकांचे खिसे रिकामे केले. रेडिओनें फुकट करमणूक घरांत आणली. व्हॉडव्हिलचें काशीक्षेत्र म्हणजे न्यूयॉर्कचें पॅलेस थिएटर. १९१३ सालीं उघडलेल्या या नाट्यगृहानें १९३२ सालीं चित्रपटांना जागा दिली. पुढच्याच वर्षीं, १९३३ सालीं, ब्राउन बंधूंचा मेळा मोडला. पण मेळा मोडला तरी मेळ मोडला नाहीं. नृत्यगृहांतील मोठ्या बँडांत तीन, चार, पुढें पांच सॅक्सोफोन एका रांगेंत बसूं लागले. ही रांग म्हणजे त्या विदूषकांचीच वारस होय. फरक इतकाच, कीं वारसांनीं काळे कोट घातले होते. आणि १९३२ सालीं ग्लाझुनोवसारख्या वयोवृद्ध रशियन आचार्यानें सॅक्सोफोन-चतुष्क लिहिलें, तेव्हां सँजलेनें ओळखलेला स्वधर्म अखेर विद्वत्सभेलाही पटूं लागला.

हा वाद आपल्यापासून फार दूरचा आहे, असें वाचकांना वाटण्याचा संभव आहे. १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जॅझ-बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला. गोव्याच्या चर्च-शाळांतून स्वरलिपि शिकून आलेल्या वादकांनीं ही विद्या उचलली, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतांत ती ओतली. 'आराधना' (१९६९) चित्रपटांतील मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ज्यानें ऐकला नाहीं असें मराठी घर विरळा; आणि कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनीं तर याच वाद्यावर कर्नाटक संगीत मांडून दाखविलें. तरीही 'सिनेमांतलें', 'बँडवाल्यांचें' हे शब्द आपण अजून नाक मुरडूनच उच्चारतों. तमाशाची ढोलकी आणि नाटकाची पेटी यांना एकेकाळीं हाच अनुभव आला आहे. करमणुकीच्या दारानें आलेली कला मागल्या दारानें आली, असें समजण्याची ही संवय पॅरिसची मक्तेदारी नाहीं.

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. सॅक्सोफोनचा इतिहास जो कोणी यापुढें लिहील, त्यानें १८७० आणि १९४२ यांच्यामधलें पान कोरें सोडूं नये. त्या पानावर टॉम ब्राउनचें नांव लिहावें, आणि त्याच ओळींत त्याच्या काजळीचीही नोंद करावी. इसाबेल स्पिलर यांचें नांव त्याहून ठळक लिहावें. सहा जणांनीं ओळीनें उभें राहून हंसणाऱ्या लोकांसमोर एक कुटुंब नांदविलें, हें लिहावें. ऋण फेडणें पुढें केव्हां होईल तें होवो. तें मान्य करण्यास तरी आतां उशीर लावूं नये.